प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात कुडाळ येथे केलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्तारून)



सचिवसाहेबांनी मला आमंत्रण दिले तेव्हा विषय दिला होता 'शिक्षणाचे महत्त्व'. मी त्यांना म्हटले, साहेब, हा विषय आता जुना झाला. महत्त्व सगळ्यांना पटले आहे. जूनच्या पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दाखले घेऊन जी माणसे सेतू केंद्राच्या रांगेत उभी असतात, त्यांना महत्त्व सांगायची गरज नाही. त्यांना हवे असते ते एवढेच की, खिडकीवरचा माणूस कोणता कागद मागेल आणि तो कागद आपल्यापाशी आहे की नाही. मी आयुष्याची छत्तीस वर्षे शाळेच्या कचेरीत लेखनिक म्हणून काढली. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी जे पाहिले, तेच आज सांगणार आहे. भाषण म्हणून त्यात गोडी नसेल, पण घरी जाऊन कपाट उघडून पाहावे असे काही त्यात निघाले तर माझे काम झाले.

आपल्याकडे 'प्रवेश' म्हटला की एकच चित्र डोळ्यांसमोर येते. मुलगा दहावी झाला, पेढे वाटले, अकरावीला नाव घातले. पण माझ्या टेबलासमोर येणारी माणसे काही एकाच जातीची नसत. एक जण दोन विषयांत नापास झालेला असे. एक जण आठवीत शाळा सोडून बापाबरोबर मासळीच्या गाडीवर गेलेला असे. एक मुलगी लग्न होऊन, दोन लेकरे झाल्यावर परत आलेली असे. एक जण कुवेतहून थेट आई-बापांबरोबर बॅगा घेऊन उतरलेला, मराठीचा एक शब्द न येणारा. एक जण मदरशातून हाफिज होऊन आलेला. या सगळ्यांचा प्रश्न एकच असे. "मास्तर, ह्येका खंय घालूचा?" आणि उत्तर मात्र प्रत्येकाचे वेगळे.

अमेरिकेत १९०१ साली जोलिएट या गावी एक कॉलेज निघाले. तेथील 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात त्या प्रकारातील ते पहिले सरकारी कॉलेज मानले जाते. या कॉलेजांचे ब्रीद असे की, दार सर्वांना उघडे. पण तेथेही नुकताच शाळा संपवलेला, शाळा अर्धवट सोडलेला प्रौढ, दुसऱ्या कॉलेजातून आलेला, परदेशातून आलेला, या प्रत्येकाने कोणते कागद द्यायचे हे वेगवेगळे लिहिलेले असते. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली होती. ती या कोपऱ्यापर्यंत फारशी पोहोचली नाही. पण तिच्या नावाची पाटी नसली तरी तिचे काम करणारी दारे आपल्या जिल्ह्यात आहेत. ती कोणती, हे माहीत नसल्यामुळे माणसे बाहेरच्या बाहेर परत जातात.

सरळ दहावी उत्तीर्ण झालेल्यांविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचा प्रवेश सबंध महाराष्ट्रात ऑनलाइन पद्धतीने झाला. त्यापूर्वी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरती होती आणि आपण कॉलेजच्या कचेरीत जाऊन अर्ज देत होतो. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात स्वतःची माहिती, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती. या पसंतीच्या भागात आपली मुले फसतात. 'पहिली पसंती' म्हणून जे कॉलेज लिहिले ते मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा शेजारच्या मुलाने लिहिले म्हणून आपणही रत्नागिरीचे किंवा मुंबईचे कॉलेज पहिल्या ओळीत लिहू नका. जेथे जाऊन राहण्याची सोय आहे, तेच लिहा. अल्पसंख्य दर्जा असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत ५० टक्के जागा त्या त्या अल्पसंख्य समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. परंतु आपण मुसलमान आहोत एवढ्याने ती जागा आपोआप मिळत नाही; त्या कोट्यासाठी स्वतंत्रपणे पसंती नोंदवावी लागते. हे दर वर्षी सांगावे लागते आणि दर वर्षी कोणीतरी विसरतो.

एक-दोन विषय राहिले तर घरात रडारड होते. ती होऊ नये. दोन विषयांपर्यंत राहिलेल्याला एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत बसता येते. राहिलेले विषय मात्र सोडवावेच लागतात. २०१५ पासून मंडळ उन्हाळ्याच्या निकालानंतर लगेच फेरपरीक्षा घेते. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागे आणि तेवढ्या काळात मुलगा कुठल्यातरी गॅरेजमध्ये रमून जाई. मुलाला गॅरेजमध्येच रमायचे असेल तर त्यालाही माझा विरोध नाही. पण मग त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून रमावे.

आय.टी.आय.बद्दल आपल्या समाजात एक विचित्र गोष्ट पाहिली. हातांनी काम करणारे आपल्यात पुष्कळ. वेल्डिंगवाले, वायरमन, फिटर, शिवणकाम करणाऱ्या भाभी. ते काम शिकले ते मामाकडून, चाचाकडून, आणि उत्तम शिकले. पण हातात प्रमाणपत्र नाही. आखातात जायच्या वेळी एजंट विचारतो, सर्टिफिकेट कुठे आहे? आय.टी.आय.ला किमान वय १४ वर्षे. वरची मर्यादा नाही. बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असावे लागते, पण वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम यांसारख्या काही व्यवसायांना त्याहून कमी शिक्षणही चालते. दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण करणाऱ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बारावी विज्ञानवाल्यालाही ते दार आहे. पुढे पदविका किमान ४५ टक्क्यांनी, राखीव प्रवर्गातला असेल तर ४० टक्क्यांनी, उत्तीर्ण झाला की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे वेल्डिंगच्या शेडमधून निघालेली वाट इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत जाते. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीला ३५ टक्के गुण असले तरी पदविकेला अर्ज करण्याची पात्रता येते. जागा मिळणे हा गुणवत्तेचा भाग झाला. पण 'आपल्याला अर्जच करता येत नाही' असे समजून घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत.

आता ज्यांनी शाळाच सोडली त्यांच्याकडे वळतो. यांच्यासाठी मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण या सभागृहात ते बसलेले नाहीत. त्यांचे भाऊ, त्यांच्या आया बसल्या आहेत.

दोन वाटा आहेत. पहिली, आपल्याच राज्य मंडळाची. मंडळाचा नमुना नंबर १७, ज्याला सगळे 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला किंवा बारावीला बसता येते. त्याला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो; तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. आधार कार्ड आणि फोटो लागतो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी अर्ज आदल्या पावसाळ्यातच भरायचा असतो. डिसेंबरात माझ्याकडे येऊन "फॉर्म द्या" म्हणणारे किती आले आणि किती जणांना मी एक वर्ष थांबायला सांगितले, याची मोजदाद नाही.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. १९७९ साली केंद्रीय मंडळाचा प्रकल्प म्हणून हे काम सुरू झाले, १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले आणि २००२ साली आजचे नाव मिळाले. तेथे दहावीसाठी वय १४ पूर्ण लागते. आठवीचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर 'मी हा अभ्यास करू शकतो' असे स्वतः लिहून द्यायचे. पाच विषय घ्यायचे. एका झटक्यात पाचही दिलेच पाहिजेत असे नाही; पाच वर्षांच्या मुदतीत, नऊ संधींत, एक-एक विषय सोडवता येतो. दुसऱ्या मंडळात जे विषय पूर्वी सुटले असतील, त्यांतले दोनपर्यंत विषय येथे जमा धरले जातात. माध्यम मराठीही घेता येते, उर्दूही घेता येते.

पिठाच्या गिरणीवर बसणारी एक बाई होती. नवरा मस्कतला. तिने चार वर्षांत, दर खेपेस एक किंवा दोन विषय देत, दहावी केली. शेवटचा विषय गणित. निकालाच्या दिवशी तिने मला गिरणीवर बोलावले आणि न मागता दोन किलो तांदळाचे पीठ दिले. मी ते घेतले. सरकारी नोकराने भेट घेऊ नये हे खरे, पण त्या वेळी मी निवृत्त झालो होतो.

मदरशातील मुलांविषयीही हाच मार्ग. हाफिज किंवा आलिम झालेल्या मुलाची सनद ही आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या जागी धरली जात नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ अशा काही संस्था ठरावीक मदरशांच्या सनदा काही अभ्यासक्रमांपुरत्या मान्य करतात. अलीगढने तर २०१३ पासून मदरशातून येणाऱ्यांसाठी वेगळा सेतू अभ्यासक्रम चालवला. पण कोणत्या मदरशाची सनद आणि कोणत्या अभ्यासक्रमाला, हे यादीत पाहावे लागते. म्हणून माझी मौलानासाहेबांना विनंती अशी की, मुलगा हिफ्ज करीत असतानाच त्याचा मुक्त विद्यालयात दाखला करून ठेवावा. ज्याने अख्खे कुरआन पाठ केले त्याला इतिहास-भूगोलाची चार पुस्तके जड जाणार नाहीत.

प्रौढांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९. या विद्यापीठाने बारावी नसलेल्यांसाठी 'पूर्वतयारी' नावाचा अभ्यासक्रम ठेवला आणि त्यातून घरकाम करणाऱ्या, शेतावरच्या, गिरणीतल्या अनेकांनी पुढे पदवी घेतली. ही फार मोठी सोय होती. तरीही येथे मी माझे मत स्पष्ट सांगतो, कोणाला रुचो न रुचो. ज्याला पदवी ही केवळ स्वतःच्या समाधानासाठी नको, नोकरीसाठी हवी आहे, त्याने आधी बारावी करावी, सतरा नंबरने करावी किंवा मुक्त विद्यालयातून करावी, आणि मगच पदवीला जावे. पाया न घालता बांधलेल्या पदवीविषयी नोकरीच्या वेळी, बढतीच्या वेळी प्रश्न निघतात आणि ते प्रश्न कोर्टापर्यंत गेलेले आहेत. दोन वर्षे जास्त लागतील. लागू द्या.

लग्न झालेल्या मुलींना एक गोष्ट सांगायची. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे नाव, बँकेत तिसरेच नाव, असे असेल तर अर्जात जे नाव दाखल्यावर आहे तेच लिहा आणि सोबत विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र ठेवा. निकाहनामा मशिदीतून मिळतो, तो जपून ठेवावाच. पण कचेरीत बहुधा ग्रामपंचायतीचा किंवा नगरपंचायतीचा विवाह नोंदणीचा कागद विचारतात. तो वेळेवर काढून ठेवावा.

नावाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थांबतो. आमच्या मुलांची निम्मी अडचण नावात आहे. 'मोहम्मद' हे एकच नाव मी रजिस्टरात चार प्रकारे लिहिलेले पाहिले आहे. महंमद, मोहंमद, मुहम्मद आणि नुसते 'मो.' एका दाखल्यात शेख आधी, दुसऱ्यात शेख शेवटी, तिसऱ्यात शेखच नाही. त्याऐवजी गावाचे आडनाव. बापाचे नाव 'अ. रहिमान' आणि आधारवर 'अब्दुल रेहमान'. संगणकाला हे सगळे वेगवेगळे इसम वाटतात. संगणकाचे चुकत नाही. त्याला आपली आत्या कोण, चाचा कोण हे ठाऊक नसते.

जन्मतारखेचेही तसेच. माझ्या पिढीतल्या सभागृहातील बुजुर्गांनी हात वर करावेत, कोणाकोणाचा वाढदिवस १ जूनला येतो? (हशा.) पाहा, निम्मे हात वर. शाळेत घालताना गुरुजींनी मुलाचा हात डोक्यावरून कानाला लावून पाहिला, आणि १ जून लिहून टाकले. त्याच मुलाने पुढे मुंबईत एजंटकडून पासपोर्ट काढला तेव्हा तारीख दुसरीच पडली. त्यांच्या मुलांच्या कागदांत आज ते दोन्ही बाप वावरतात.

मुलगा शाळेत शिकत आहे तोपर्यंत रजिस्टरातील चूक पुराव्यानिशी दुरुस्त करून घेता येते. शाळा सोडल्यावर ते फार कठीण होते. वरच्या मंजुरीचे, राजपत्राचे काम होऊन बसते. म्हणून माझे सांगणे असे. ज्यांची मुले नववीत आहेत त्यांनी या महिन्यात शाळेत जाऊन जनरल रजिस्टरातली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. नाव, बापाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म आणि जात. ते पाहायचा तुम्हाला हक्क आहे. लेखनिक कुरकुर करील. करू द्या, मीही करीत असे.

'धर्म आणि जात' हे शेवटचे घर. आता मी जे सांगतो ते सांगायला मला थोडे जड जाते.

मुसलमानांतील काही जाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. मोमीन, बागवान, मणियार, अत्तार, तांबोळी, पिंजारी, कुरेशी इत्यादी. येथे आरक्षण मिळते ते त्या जातीला, धर्माला नव्हे. हे नीट समजून घ्या, कारण २०१४ सालचा गोंधळ अजून लोकांच्या डोक्यात आहे. त्या वर्षी जुलैत राज्य शासनाने मुसलमानांना ५ टक्के आरक्षण देणारा वटहुकूम काढला होता. त्याचा कायदा झाला नाही आणि डिसेंबरात तो वटहुकूम संपला. त्यानंतरही माझ्याकडे येऊन "आमच्या पाच टक्क्यांचा फॉर्म द्या" म्हणणारे होते. असा फॉर्म नाही. ज्यांची जात यादीत आहे त्यांनी जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्र काढावे. ज्यांची जात यादीत नाही त्यांनी, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०१९ पासून सुरू झालेल्या आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा. बाकीचे खुल्या प्रवर्गात.

इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा. बहुधा जुन्या प्राथमिक शाळेतील नोंद, नाहीतर जन्म-मृत्यूच्या रजिस्टरातील नोंद. आता प्रसंग सांगतो. १९७९ साली मी नोकरीत नवा होतो. एक मणियार गृहस्थ, बांगड्यांची पेटी खांद्याला लावून गावोगाव फिरणारे, मुलाला पाचवीत घालायला आले. मी विचारले, धर्म? मुसलमान. जात? ते म्हणाले, "मणियार लिवा, सायब." मी म्हटले, चाचा, मुसलमानांत जात नसते, आणि रुबाबात नुसते 'मुसलमान' लिहिले. मला वाटले मी फार सुधारक काम केले. ते बिचारे काही बोलले नाहीत.

त्या मुलाची मुलगी दहा-बारा वर्षांपूर्वी अभियांत्रिकीला निघाली. गुण चांगले. पणजोबांच्या शाळेची नोंद मिळाली, त्यात 'मुसलमान मणियार' स्वच्छ लिहिलेले. बापाच्या दाखल्यात मात्र माझ्या हस्ताक्षरात नुसते 'मुसलमान'. पडताळणीत शंका आली. दक्षता पथकाची चौकशी लागली. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. स्वतः जाऊन लेखी जबाब दिला की, ही नोंद माझी, चूक माझी, बापाने जात सांगितली होती. समितीने ते मान्य केले आणि वैधता दिली. पण प्रमाणपत्र हातात आले तेव्हा मुदत उलटून पंधरा दिवस झाले होते. राखीव जागा गेली. खुल्या जागेची फी तिच्या घरच्यांना परवडणारी नव्हती. ती मुलगी वर्षभर घरी बसली आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊन गेली. आज ती पुण्याला नोकरीला आहे, ईदला येते तेव्हा मला भेटते. ते एक वर्ष तिने कधी बोलून दाखवले नाही. मी मात्र ते धरून आहे.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, आजोबांच्या शाळेचा उतारा आजच काढा. मुलगी बारावीला जाण्याची वाट पाहू नका. गावची जुनी शाळा बंद झाली असेल तर तिचे रजिस्टर कोठे गेले ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. वाळवी कोकणातल्या कागदाला कोणाची वाट पाहू देत नाही.

मुलींच्या बाबतीत या दाखल्यांचे मोल आणखी वाढले आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास या प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट एवढीच की, प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. 'मुलीच्या शिकण्याला पैसे कुठून आणू' म्हणणाऱ्या बापाने हे आधी वाचावे.

आखातातून येणाऱ्यांचा विषय राहिला. आपल्या किनाऱ्यावरची निम्मी घरे दुबई, मस्कत, कुवेतच्या पैशावर उभी आहेत. मुले तेथे शिकतात, आणि बापाचा करार संपला की एका महिन्यात कुडाळ स्टेशनवर उतरतात. तेथे केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकलेल्याची अडचण कमी. ते मंडळ भारताचेच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेथील शिक्षण खात्याचा आणि भारतीय वकिलातीचा शिक्का बहुधा मागितला जातो, तो विमानात बसण्यापूर्वी घ्यावा. येथून परत पाठवून आणणे म्हणजे सहा महिने. ब्रिटिश किंवा दुसऱ्या परदेशी पद्धतीच्या शाळेत शिकलेल्याला समकक्षता प्रमाणपत्र लागते. पदवी अभ्यासक्रमांसाठी ते दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ संघाकडून मिळते.

फारच थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या नियमांत मान्यताप्राप्त संस्थांना मंजूर जागांच्या वर १५ टक्के जादा जागा परदेशी नागरिक, परदेशस्थ भारतीय वंशाचे आणि आखातातील भारतीय कामगारांची मुले यांच्यासाठी ठेवता येतात, आणि त्यांतील एकतृतीयांश या आखाती कामगारांच्या मुलांसाठी असतात. प्रत्येक कॉलेजात ही सोय नसते. पण आपले लोक विचारतच नाहीत. बापाचा आखातातील कामाचा व्हिसा, रहिवास परवाना आणि मालकाचे पत्र यांच्या प्रती घरी असू द्या.

आणि गोव्याविषयी. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडची मुले पत्रादेवी ओलांडून गोव्यात अकरावी-बारावी करतात. जवळ पडते, बस मिळते, मावशी तेथे असते. पण ज्याच्या मनात डॉक्टर व्हायचे आहे त्याने आधी विचार करावा. महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या जागांसाठी, काही अपवाद सोडता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवासाचा दाखलाही लागतो. गोव्यात बारावी केली म्हणून गोव्याची जागा मिळेल असेही नाही. तेथे तेथील रहिवासाच्या अटी आहेत. अशाने मुलगा दोन्ही राज्यांच्या मध्ये उभा राहतो. इंजिनिअरिंग-पदविकेचे नियम याहून सैल आहेत. तेथे आई किंवा बाप महाराष्ट्राचा अधिवासी असल्यास वेगळ्या प्रकारात अर्ज घेतात. पण वैद्यकीयला नाही. हे मी अकरावीच्या आधी सांगतो आहे; बारावीनंतर सांगून उपयोग नसतो.

मी जे नियम सांगितले त्यांतले काही दर वर्षी बदलतात. म्हणून माझ्या शब्दावर अर्ज भरू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडा, तिच्यातील पात्रतेचे पान वाचा आणि मग भरा. पुस्तिका इंग्रजीत असेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवून वाचून घ्या. सायबर कॅफेतला मुलगा टंकलेखन करतो; तो तुमचा सल्लागार नव्हे. त्याने घाईत 'खुला' वर टिचकी मारली आणि मुलीचा प्रवर्ग गेला, असे झालेले आहे.

संस्थेने वाचनालयाची खोली देऊ केली आहे. मे महिन्याचे चारही रविवार मी सकाळी दहापासून जोहरच्या नमाजापर्यंत तेथे बसेन. येताना मुलाचा दाखला, दोन्ही पालकांचे दाखले, आजोबांच्या शाळेचा उतारा असेल तर तो, आधार आणि पासपोर्ट असे सगळे आणा. मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही. चार वेगवेगळ्या 'मोहम्मद'चे काय करायचे ते आपण बसून पाहू. आणि ज्यांनी शाळा सोडली आहे त्यांना जरूर बरोबर आणा. त्यांना लाज वाटत असेल तर सांगा, वाचनालयाला मागच्या बाजूनेही दार आहे.